दोन पट्ट्या

मॉडेल कॉलनीतल्या त्या मुलीनं
माझा रिपोर्ट आधी चष्म्यावरून पाहिला, मग चष्म्यातून.
तीन महिन्यांची सरासरी, नऊ पूर्णांक दोन.
पोळी बंद. भात बंद. भाकरी...
पेन जरा अडखळलं.
तीपण बंद, मॅडम.
सकाळी अंडी दोन, आणि शेजारी बारीक अक्षरात
बेकन, दोन पट्ट्या.
"चालतं ना तुम्हाला?" तिनं दबकत विचारलं.

मी तिच्या पेनाच्या टोपणाकडं बघत राहिले.
चालतं, म्हटलं.

औंधातल्या मोठ्या दुकानात,
चीज आणि गोठलेल्या मटारच्या मधे
गुलाबी, सपाट, ट्रेसिंग पेपरएवढं पातळ.
पाकीट उलटं करून वाचलं;
महापालिकेत सव्वीस वर्षं टेंडरं तपासलीत,
बारीक अक्षरं आधी वाचते.
पाणी, मीठ, साखर, डेक्स्ट्रोज.
साखरेपायी जे खायचं त्याच्यात साखर!
तरी आणलं. तव्यावर पांढरा फेस आला,
पट्टी आखडून बसच्या तिकिटाएवढी झाली.
बापू म्हणायचे, ज्यातनं तेल सुटत नाही
ते मटण नव्हे, समजूत.

मग कोरेगाव पार्क. फळ्यावर खडूनं भाव लिहिलेले,
भाव वाचून मी आधी पाणी प्याले.
मेपलच्या पाकात मुरवलेलं, पोरगा म्हणाला,
सगळ्यात जास्त हेच खपतं.
बाळा, म्हटलं, मुरांबा नकोय मला.

शेवटी आमच्या रेकॉर्ड रूमच्या ब्लॉसमनं
चिठ्ठीवर नकाशा काढून दिला:
कँप, शिवाजी मार्केटच्या मागचा बोळ, निळं दार,
पाटी नाही.
आत दीड माणूस उभा राहील एवढी जागा,
आणि कानात मशीन घातलेले आगुस्तीन अंकल.
मीठ, मिरी, सात दिवस. मग आंब्याच्या लाकडाचा धूर.
साखर? मी ओरडून विचारलं.
"साखर चहात घालतात," ते म्हणाले.
फडकं बाजूला केलं तर अख्खी लादी:
चरबी, मांस, चरबी, मांस,
खाणीचा कडा तासल्यावर थर दिसतात तशी.
"कातडी काढू? सगळे काढायला सांगतात."
राहू द्या.
तेव्हा त्यांनी सुरी खाली ठेवली.
"कुठल्या तुम्ही?"
एरवी मी सेनापती बापट रोड सांगते.
वडारवाडी, म्हणाले.

रविवारी गार तव्यावरच पट्ट्या मांडल्या, गॅस बारीक.
आधी काहीच नाही. मग कडेनं तेल पाझरलं,
मग तो आवाज, लांबून कुणीतरी गिट्टी ओततंय असा.
आणि वास.
सातवीत डबा उघडला की बाक सरकायचा.
चौघींनी मिळून उचलला
तर आवाज न करता सरकतो बाक.
दुसऱ्या दिवसापासून आईनं नुसती चटणी दिली.

बेल वाजली. चारशे दोनमधली ऋजुता, योगा मॅट काखेत.
"काकू, काय भारी वास येतोय! कीटो ना?"
कीटोच, म्हटलं.
घरातला शब्द जिभेखाली तसाच राहिला.

आईला फोन केला.
अक्का, डाक्टरनं पंदी खायला सांगितलीय.
ती खोकला येईपर्यंत हसली,
पलीकडं कुणाला तरी आमच्या बोलीत ओरडून सांगितलं,
तिकडंपण हसले.
"केवढ्याला?"
सांगितलं. मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"आणि भाकरी किती खायची?"
भाकरी नाही.
"अगं, अर्धी तरी?"
अर्धीपण नाही.
"पंदी हाय आन् भाकरी नाय,"
ती सावकाश म्हणाली,
कुणी चुकीचे सुटे पैसे हातावर ठेवल्यासारखी.
"मग तेल कशानं पुसतीस?"

फोन ठेवला.
दोन पट्ट्या खाल्ल्या, कातडी कुरकुरीत होती,
मोजून दोन.
मग ओट्यापाशी उभी राहून
तवा बोटानं पुसला.